एकटीने राहते आहे, महिना पुरत नाही. परत जाऊ का?

वाचकाचं पत्र

ताई, मी ३४ वर्षांची आहे. आईबाबा गेल्यावर बरीच वर्षं भावाकडे राहिले. भाऊ-वहिनी चांगले आहेत, कुणाबद्दल तक्रार नाही. पण एक दार आपलं असावं, हवं तेव्हा आतून लावता यावं, ही इच्छा फार जुनी. आठ महिन्यांपूर्वी धीर केला आणि एका खोलीचं घर भाड्याने घेतलं. पगार बेताचा आहे, पण दर महिन्याला येतो. तरी बावीस-तेवीस तारखेला पाकीट रिकामं होतं आणि उरलेले दिवस क्रेडिट कार्डावर निघतात. सुरुवातीलाच दाताचं मोठं काम निघालं, ते कार्डावर केलं. तेव्हापासून न चुकता ठरलेली रक्कम भरते आहे, किमान रकमेपेक्षा जास्तच. तरी बाकी कमी होत नाही, उलट थोडी वाढलीच आहे. दोन महिन्यांची वही सोबत जोडते. बाहेरची कॉफीसुद्धा लिहिली आहे. गाण्याचा क्लास बंद केला. भावाकडे मात्र रिकाम्या हाताने जाववत नाही, भाच्यांसाठी काहीतरी नेतेच. ऑफिसमधली एक मैत्रीण तिच्या घरातली एक खोली द्यायला तयार आहे. दूरच्या भागात एक स्वस्त घरही पाहून ठेवलं आहे. करार चार महिन्यांनी संपतो. ऑफिसात रविवारचं जादा काम मिळू शकतं. मी कुठे चुकते आहे? इतका खर्चिक स्वभाव असेल तर परत जावं का?

उत्तर

परत जाऊ नका. निदान आत्ता, या कारणासाठी तरी नको. तुमचा स्वभाव खर्चिक नाही आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. तुमच्या वहीतच ते दिसतं. मी ती दोनदा वाचली. रकमा इथे छापत नाही. तुमच्या पगाराचे शंभर भाग धरून बोलते, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांनाही आपापला हिशेब ताडून पाहता येईल.

तुमचे शंभर भाग असे जातात: घरभाडं ४६, प्रवास ९, घरचं जेवण १४, बाहेरचं खाणं ११, वीज आणि फोन मिळून ६, कार्डाचा भरणा ७, इतर १०. बेरीज १०३. म्हणजे एकही मोठी चैन न करता दर महिन्याला तीन भाग कमी पडतात आणि ते कार्डावर जातात. शिवाय वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही ‘अचानक आलेले खर्च’ असं लिहून वेगळी यादी केली आहे: चष्मा, विम्याचा हप्ता, चपला, फोनची दुरुस्ती. दाताचं काम सोडलं तर या यादीची आठ महिन्यांची बेरीज १६ भाग होते. याच वेगाने वर्षाचे २४, महिन्याला दोन. यातलं खरोखर अचानक आलेलं फार थोडं आहे. विम्याची तारीख ठरलेली असते, चपला झिजणारच असतात. महिन्याच्या हिशेबात त्यांना जागा नव्हती, म्हणून ते अंगावर आल्यासारखे वाटले.

आता कार्डाकडे पाहू. पत्रात सगळ्यात जास्त हताश तुम्ही तिथेच दिसता. बाकी ९० भाग आहे, व्याज महिन्याला ३ टक्के. म्हणजे दर महिन्याला २.७ भाग नुसतं व्याज चढतं. तुम्ही ७ भरता. तेवढंच असतं तर बाकी दर महिन्याला चारेक भागांनी उतरली असती. पण त्याच कार्डावर महिन्याची तूट ३ आणि वर्षाकाठचे खर्च २ असे पाच भाग नव्याने चढतात. वजाबाकी केली तर बाकी महिन्याला पाऊण भागाच्या आसपास वाढते. आठ महिने इमानेइतबारे पैसे भरूनही आकडा तिथेच का, याचं उत्तर एवढंच आहे. तुमचा भरणा पुरेसा आहे. कार्ड अजून वापरात आहे, ही अडचण आहे.

आणखी एक गोष्ट कार्ड घेताना सहसा कुणी नीट सांगत नाही. आधीची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर बहुतेक कार्डांत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कार्डावर आणलेला किराणा तुम्ही अशा व्याजाने खाता आहात. महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ वाटतात, पण व्याजावर व्याज धरलं की ते सुमारे ४२.६ होतात. इतक्या दराने कर्ज काढून जेवण्यापेक्षा दुसरा कुठलाही मार्ग स्वस्त पडेल.

कार्ड वापरणं आजपासून थांबलं आणि ७ भाग भरत राहिलात, तर ९० भागांची बाकी १७ महिन्यांत संपते. एकूण ११५ भाग भरले जातील, त्यातले २५ व्याजाचे. दर महिन्याचं कार्डाचं बिल पाहाल तेव्हा बाकीबरोबर किमान रक्कमही उतरत गेलेली दिसेल. तिच्या मागोमाग तुमचा भरणा उतरवू नका, सातचे सातच ठेवा. किमान रकमेपुरतं भरणाऱ्यांची फेड वर्षानुवर्षं लांबते, कारण भरणाही बाकीसोबत लहान होत जातो. आणि कार्ड देणाऱ्या बँकेला फोन करून बाकीचे ठरावीक हप्ते पाडून मिळतील का, व्याज किती लागेल, हे जरूर विचारा. महिन्याला दीड टक्का दर मिळाला तर हीच बाकी साडेचौदा महिन्यांत फिटते. मात्र प्रक्रिया शुल्क किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका. फोनवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला अजिबात जाऊ नका. एक भोक बुजवायला दुसरं मोठं भोक पाडून माणसं कशी अडकतात, हे या सदराला येणाऱ्या पत्रांतून मी सतत वाचते.

तर पाच भाग काढायचे आहेत. कुठून?

तुम्ही स्वतः बोट ठेवलं आहे ते कॉफीवर. पत्रात तिचा उल्लेख इतक्या अपराधीपणाने येतो की मी वहीतून तिची वेगळी बेरीज केली. दोन्ही महिन्यांत ती एक भागसुद्धा नाही. ती राहू द्या. बाहेरच्या खाण्याचे उरलेले दहा भाग मात्र जवळजवळ सगळे संध्याकाळी साडेसातनंतरचे आहेत, आणि ज्या दिवशी ऑफिसातून उशिरा सुटलात त्याच दिवसांचे आहेत. ही चैन नव्हे, हा थकवा आहे. ‘उद्यापासून रोज घरीच करीन’ असं ठरवून थकवा जात नाही. ज्या दोन दिवशी लवकर घरी येता त्या दिवशी दुप्पट करून ठेवा. फ्रिज असेल तर शिजवलेलं दोन तासांच्या आत गार करून आत गेलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते ६० अंश सेल्सिअसचा टप्पा धोक्याचा मानते, कारण त्यात जंतू झपाट्याने वाढतात. आत ठेवलेलं तीन दिवसांत संपवा. फ्रिज नसेल तर शिजवून साठवू नका. त्याऐवजी पंधरा मिनिटांत पोटभर होईल अशा दोन-तीन कोरड्या वस्तू घरात कायम असू द्या आणि त्या फक्त दमलेल्या दिवसासाठी राखून ठेवा. घरच्या जेवणाचे १४ चे १७ होतील, बाहेरचे ११ चे ५ होतील. तीन भाग सुटले. बाहेरचं पूर्ण बंद करायचा हट्ट मात्र धरू नका, तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मग सगळाच हिशेब सोडून द्यावासा वाटतो.

जेवणावर पगाराचा चौथा हिस्सा जातो याचीही तुम्हाला लाज वाटते आहे. १८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या मजूर कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की मिळकत जितकी कमी तितका तिचा मोठा वाटा अन्नावर जातो. पोट पगाराच्या प्रमाणात लहान होत नाही. तुमचे जेवणाचे भाग जास्त दिसतात कारण शंभर भागच लहान आहेत. धान्य, कडधान्य, भाज्या, अंडी यांत काटछाट करू नका. दोन महिने अर्धपोटी राहून वाचवलेलं एका आजारपणात निघून जातं. एकट्या राहणाऱ्या माणसाला तर आजारपण दुप्पट महाग पडतं, कारण पाणी आणून द्यायलाही कुणी नसतं.

वीज-फोनचे सहाचे पाच होऊ शकतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करता हे चांगलंच आहे, पण बिल तिथे बनत नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १११ तास जळला की एक युनिट होतं. पाणी तापवायचं २००० वॅटचं उपकरण अर्ध्या तासात तेवढंच युनिट खातं. म्हणजे जिथे उष्णता तयार होते तिथे लक्ष ठेवा: पाणी तापवणं, इस्त्री, विजेची शेगडी. फोनचा प्लॅन एकदा तपासा. वहीत लिहिलेल्या रकमेवरून तो तुमच्या गरजेपेक्षा मोठा दिसतो.

आता ‘इतर’मधले दहा भाग. त्यातले चार भाच्यांच्या वस्तूंचे आहेत. यावर लिहिताना मी जरा थांबले, कारण हा खर्च तुम्ही कुठेच उधळपट्टीत मोजलेला नाही आणि तुमच्या दृष्टीने तो तसा नाहीच. पण सरळ विचारते: त्या पिशवीत काय असतं? मुलांवरचं प्रेम असतंच. शिवाय ‘माझं छान चाललंय, काळजी करू नका’ असा एक निरोपही असतो, आणि तो निरोप पोचवायला तुम्ही महिन्याला चार भाग मोजता, तेही कार्डावर. भाचे तुमची वाट पाहतात ती तुम्ही त्यांच्यात बसता म्हणून. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या आत्याला दारात वस्तू दाखवून आत यावं लागत नाही. चारचा एक करा. वाढदिवसाला जरूर न्या. वहिनींनी काही म्हटलंच तर ‘सध्या हात आखडून आहे’ एवढं वाक्य पुरे. ते एकदा बोलून झालं की भावाकडे जाणं तुम्हाला हलकं वाटू लागेल, असं मला मनापासून वाटतं.

तीन, एक आणि तीन असे सात भाग झाले. पाच तूट भरून काढायला लागले. उरलेल्या दोनांतला एक भाग बाजूला पडू द्या, तो हात लावायचा नाही असा. आणि एका भागात गाण्याचा क्लास पुन्हा सुरू करा. पूर्वी दोन भाग लागत होते. आठवड्याआड येते असं शिक्षकांना सांगा. कर्ज फिटेपर्यंत आनंद बंद, असा नियम सतरा महिने चालत नाही. शिवाय त्या घरात तुम्ही काहीतरी करायला गेलात ना? पूर्वी गाताना दार लावता येत नव्हतं, हे तुम्हीच पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे.

हे सगळं करूनही महिना बावीस तारखेला संपू शकतो, कारण वाटणीची पद्धत चुकीची आहे. तुम्ही हातखर्चाची रक्कम चार आठवड्यांत विभागता. बारा चोक ४८. वर्षात आठवडे ५२. उरलेले चार आठवडे दरवर्षी कुणाच्याच हिशेबात नसतात. नव्या आखणीत जेवण, बाहेरचं खाणं, इतर आणि क्लास मिळून ३० भाग होतात. त्यांना बाराने गुणून ५२ ने भागा: आठवड्याला सात भागांहून किंचित कमी. तेवढीच रक्कम दर सोमवारी वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात घ्या. शनिवारी पाकीट रिकामं झालं तर रविवार जरा कठीण जाईल, पण पुढचे आठ-नऊ दिवस कार्डावर जाणार नाहीत. वर्षाकाठच्या खर्चाचे दोन भाग पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाका आणि विम्याची तारीख आली की तिथूनच भरा.

बाजूला पडणाऱ्या त्या एका भागाबद्दल एक शब्द. तीन किंवा सहा महिन्यांचा खर्च साठवून ठेवावा, असं तुम्ही सगळीकडे वाचलं असेल आणि दडपणही आलं असेल. सल्ला योग्य आहे, पण तुमच्या आजच्या घडीचा नाही. महिन्याला ३ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना मोठी शिल्लक साठवण्यात तोटाच आहे. आत्ता हवी ती एका आठवड्याच्या खर्चाइतकी उशी, म्हणजे गॅस संपला किंवा ताप आला तरी कार्ड बाहेर काढावं लागणार नाही. तेवढी जमली की थांबा. पुढचं साठवणं कर्ज फिटल्यावर.

इथवर जे सांगितलं त्याने घर धाग्यावर तोललं जाईल, श्वास मिळणार नाही. श्वास अडला आहे तो ४६ भागांच्या भाड्यात. भाडं मिळकतीच्या ३० टक्क्यांत असावं असं म्हणतात. हा आकडा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत सरकारी घरांच्या भाडेकरूंसाठी १९६९ मध्ये कमाल २५ टक्के ठरले होते, १९८१ मध्ये त्याचे ३० झाले, आणि तिथून तो जगभर पसरला. मिळकत भरपूर असलेल्याला ४० टक्के भाडंही जड जात नाही. तुटपुंजी असलेल्याला तीस टक्के देऊनही हाल होतात. म्हणून टक्का सोडा आणि एवढंच बघा, की भाडं दिल्यावर जे उरतं त्यात जेवण, औषध, प्रवास आणि कर्ज बसतं का. तुमचं आज जेमतेम बसतं. एक पगार उशिरा झाला तर कोसळेल.

दूरच्या घराचं भाडं ३५ भाग. अकरा वाचतात, पण प्रवास ९ वरून १४ वर जातो, म्हणजे खरी बचत सहाच. सामान हलवणं, दलाली आणि किरकोळ खरेदी मिळून तुम्ही ४२ भागांचा अंदाज दिला आहे. तो वसूल व्हायला सात महिने. शिवाय जाता-येता पन्नास-पन्नास मिनिटं जास्त. महिन्याला कामाचे पंचवीस दिवस धरले तर ४१ तासांहून अधिक, म्हणजे नोकरीचा एक अख्खा आठवडा रस्त्यात. मग संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार? बाहेरचं खाणं पुन्हा अकरावर जाईल आणि उरलेली बचतही संपेल. रात्री शेवटच्या टप्प्याला वाहन करावं लागत असेल तर तोही खर्च आहे, आणि टाळता येणारा नाही. माझं मत: नको.

मैत्रिणीची खोली २९ भागांत, अंतर तेवढंच. महिन्याला १७ वाचतात आणि हलण्याचा ३४ भागांचा खर्च दोन महिन्यांत निघतो. त्यानंतर सतरांतले दहा कार्डाकडे वळवलेत, तर आजपासून सुमारे दहा महिन्यांत बाकी शून्य होते. सतरा महिन्यांच्या जागी दहा महिने.

हा आकडा मोहक आहे. पण आकड्यावरच निर्णय घ्या असं म्हणणार नाही, कारण तुम्ही घर सोडलंत ते दारासाठी. म्हणून पहिली चौकशी भाड्याची करू नका, कुलपाची करा. खोलीला स्वतंत्र कुलूप असेल, आणि तुम्ही आत असताना दार न वाजवता कुणी येणार नाही हे मैत्रिणीला मान्य असेल, तर जा. ती चालेल-बघू म्हणाली तर जाऊ नका, हेच घर ठेवा आणि करार वाढवताना मालकांशी भाड्यावर बोला. वेळेवर भाडं देणारी, घर नीट ठेवणारी भाडेकरू त्यांनाही सहज मिळत नाही. वर्षाऐवजी दोन वर्षांचा करार देते म्हटलंत तर वाढ थांबू शकते, कधी थोडं कमीही होतं.

जायचं ठरलं तर मैत्रीण आहे म्हणून सगळं तोंडी ठेवू नका. डिपॉझिट कुणी किती दिलं, करारात दोघींची नावं आहेत का, बिलं कशी वाटायची, पाहुणे किती दिवस, आणि एकीला सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं, हे एका कागदावर लिहून दोघींनी सही करा. दिवसभर ऑफिसात आणि रात्री घरात एकच चेहरा असणार आहे. रुसवे होतील तेव्हा हा कागद मैत्री वाचवेल. सध्याचं घर सोडताना सूचना लेखी द्या आणि भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून ठेवा.

यात एक अडचण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. नव्या घराचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं आणि जुनं नंतर परत मिळतं, कधीकधी महिनाभराने. मधल्या त्या दिवसांत पैसे कुठून आणणार? भावाकडे मागायचेच असतील तर इथे मागा. कार्डाची पूर्ण बाकी त्यांच्याकडून घेऊन फेडली तर व्याज वाचेल, तेरा महिन्यांत सगळं फिटेल, हे खरं. पण तेरा महिने तुम्ही त्या घरात देणेकरी म्हणून जाल आणि तुमचा स्वभाव पाहता पुन्हा पिशव्या भरू लागाल. डिपॉझिटपुरते उसने घेतलेत तर ते कधी परत येणार हे दोघांनाही ठाऊक असेल. स्वतंत्र राहणाऱ्या माणसाने मदत मागू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. रक्कम आणि तारीख दोन्ही सांगता आली की मागणाऱ्याची मान खाली जात नाही.

रविवारचं काम घ्या, पण तीन महिनेच, आणि ते पैसे पगारात मिसळू न देता थेट कार्डाच्या बाकीत टाका. कायमचं घेतलंत तर दमलेल्या संध्याकाळी वाढतील.

मोठे निर्णय महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करू नका. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचण्यांत कापणीआधी, पैशाची चणचण असताना, कमी पडले आणि कापणीनंतर, हातात पैसा आल्यावर, सरस ठरले. माणसं तीच होती. चणचणीने डोक्यातली जागा व्यापली होती. ‘मीच खर्चिक आहे, परत जावं’ हे वाक्य तुम्ही २६ तारखेला लिहिलं आहे. पत्रावर तारीख आहे.

परत जाण्याचा विचार मनातून पूर्ण काढा असंही माझं म्हणणं नाही. कधी जायचं ते आत्ताच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. एखाद्या महिन्याचं भाडं चुकलं, औषध किंवा डॉक्टर पैशासाठी टाळावा लागला, किंवा सहा महिन्यांनी कार्डाची बाकी आजच्या ९० भागांपेक्षा वर गेली, यांपैकी काहीही झालं तर भावाशी बोला आणि ठरावीक महिन्यांसाठी जा, घरखर्चाचा वाटा ठरवून. यांपैकी काही झालं नाही तर तो प्रश्न दर महिनाअखेरीस स्वतःला विचारत बसू नका.

शेजारी किंवा त्या मैत्रिणीकडे घराची एक किल्ली द्या, आणि रोज एकदा तुमचा मेसेज आला नाही तर फोन करील असं एक माणूस ठरवा. हे बिनपैशाचं आहे, याच आठवड्यात होईल. बँकेला फोन पुढच्या पगारानंतर लगेच करा, कारण मैत्रिणीच्या खोलीबद्दल ‘हो’ म्हणण्याआधी हप्ता किती बसतो ते तुम्हाला कळायला हवं. करार संपायला चार महिने आहेत. सूचना किती आधी द्यायची ते करारात आज पाहा, तेवढे दिवस त्यातून वजा होतात.